मक्ता की मिरास?

निवडणुकीच्या धामधुमीत जे वर्तमानपत्र आमच्या घरोघरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले जाते, तेच मतमोजणीनंतर आठ दिवसांनी न उलगडता रद्दीत जाते. गुलाल उधळला गेला, मिरवणूक निघाली, मंत्र्यांचा शपथविधी पार पडला, की आपले नागरिकत्वाचे कर्तव्य संपले, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित वर्गात खोल रुजलेली आहे. वास्तविक पाहता पक्षाची परीक्षा त्या दिवशी संपत नाही. ती त्या दिवशी सुरू होते. मते मागताना सर्वच पक्ष नम्र असतात, आणि विरोधी बाकांवर बसलेले असताना सर्वच पक्ष स्वातंत्र्याचे कैवारी असतात. यांत त्यांची थोरवी ती काय? विधिमंडळ हाती आल्यानंतर पक्ष काय करतो, हीच त्याच्या पारखेची एकमेव कसोटी होय, असे आमचे मत आहे. आणि ते उदाहरणांनिशी मांडण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

जमिनीच्या व्यवहारात मक्ता आणि मिरास हे दोन शब्द आपल्याकडे फार जुने आहेत. मक्तेदाराला जमीन मुदतीपुरती मिळते. मुदत संपली की ती होती तशी परत करावी लागते. मिरासदाराचा हक्क पिढीजात असतो. तो बांध हलवील, विहीर बुजवील, झाड तोडील, त्याला कोणी विचारीत नाही. मतदार विजयी पक्षाला विधिमंडळ देतात ते मक्त्याने. पण गादीवर बसून वर्ष लोटले नाही तोच बहुतेक पक्ष त्याला आपली मिरास समजू लागतात. सर्व अनर्थाचे मूळ या गैरसमजात आहे.

पहिले उदाहरण आमच्याच प्रांताचे घेऊ. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई इलाख्याच्या असेंब्लीत १७५ जागा होत्या. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या काँग्रेसने जिंकल्या. गव्हर्नराने आपले विशेषाधिकार वापरून मंत्र्यांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, अशी हमी मागून काँग्रेसने काही महिने अधिकारग्रहण लांबणीवर टाकले. तोवर धनजीशा कूपर यांचे औट घटकेचे मंत्रिमंडळ कसेबसे कारभार पाहत होते. अखेर जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले.

या मंत्रिमंडळाच्या सत्कृत्यांवर पाणी फिरवण्याची आमची मुळीच इच्छा नाही. मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपयांवर काम करण्याचे पत्करले. सत्याग्रहात सरकारने जप्त केलेल्या जमिनी मूळ मालकांस परत मिळाव्यात म्हणून कायदा केला. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी १९३९ मध्ये कायदा केला. खेरांच्या वैयक्तिक सचोटीविषयी तर त्यांच्या शत्रूंनीही शंका घेतली नाही. आणि म्हणूनच हे उदाहरण बोधप्रद आहे. लुच्च्या माणसांच्या हाती सत्ता गेली म्हणजे ती बिघडते, यात नवल नाही; सज्जनांच्या हाती जाऊनही ती कशी वळण घेते, हे पाहण्यासारखे आहे.

१९३८ च्या सप्टेंबरात याच मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांविषयीचे बिल असेंब्लीत आणले. मजूर आणि मालक यांच्यातील तंटा आधी समेटाच्या ठरावीक मार्गाने गेला पाहिजे. त्यापूर्वी संप केल्यास तो बेकायदा ठरून मजुरास तुरुंग भोगावा लागेल, असा त्याचा आशय. स्वतंत्र मजूर पक्षाच्या मूठभर सभासदांसह डॉ. आंबेडकर विरोधी बाकांवरून उभे राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल. तो गुन्हा कसा ठरतो? मनाविरुद्ध काम करण्यास कायद्याच्या धाकाने भाग पाडणे यालाच गुलामगिरी म्हणतात. मंत्रिमंडळाने दोन महिन्यांच्या आत बिल मंजूर करून घेतले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मजुरांनी निषेधाचा एक दिवसाचा संप केला, आणि त्या दिवशी पोलिसांनी गोळी चालविली. ज्या पक्षाने आपल्या चळवळीत हरताळाचे शस्त्र वर्षानुवर्षे वापरले, त्याच पक्षाच्या राजवटीत गिरणगावातील मजुराचे तेच शस्त्र गुन्ह्याच्या सदरात गेले. समेटाची यंत्रणा असावी की नसावी, हा वादाचा प्रश्न आहे. तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु ज्याच्यावर तुरुंगाची पाळी यावयाची त्याच्या प्रतिनिधींचे म्हणणे बहुमताच्या बळावर बाजूस सारावयाचे, यालाच मिरासीची वृत्ती म्हणतात.

मद्रास इलाख्यात तर याहून ठसठशीत प्रकार घडला. कायदेभंगाच्या चळवळीत निरोधन करणाऱ्या काँग्रेस स्वयंसेवकांना तुरुंगात टाकण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९३२ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली होती. काँग्रेसने त्या कायद्यास काळा कायदा म्हटले, आणि ते यथार्थच होते. पुढे राजगोपालाचारी मद्रासचे मुख्य प्रधान झाले, आणि १९३८ मध्ये शाळांतील सक्तीच्या हिंदीविरुद्ध निरोधन करणाऱ्यांवर त्यांनी तोच कायदा चालविला. कायद्याचा रंग काळा होता की तो कोणाच्या हाती आहे यावर त्याचा रंग ठरत होता, असा प्रश्न त्या वेळी तामिळ तरुणाने विचारला असेल, तर त्याला उत्तर काय देणार?

तिसरा प्रकार नागपूरचा. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या असेंब्लीत ११२ जागा होत्या व काँग्रेसला तेथे स्पष्ट बहुमत होते. मुख्य प्रधान डॉ. नारायण भास्कर खरे आणि महाकोशलातील मंत्री यांचे पटेना. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. महाकोशलच्या मंत्र्यांनी पक्षश्रेष्ठींच्या आज्ञेवाचून राजीनामा देण्याचे नाकारले. गव्हर्नराने त्यांना दूर केले, आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले. ते काही दिवसही टिकले नाही. वर्ध्यास श्रेष्ठींच्या बैठका झाल्या, खऱ्यांना पायउतार व्हावे लागले, आणि रविशंकर शुक्ल मुख्य प्रधान झाले. गव्हर्नराच्या साहाय्याने सहकाऱ्यांना दूर करणारे खरे निर्दोष होते, असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. मुख्य प्रधान कोणास जबाबदार? मतदारांनी निवडलेल्या सभागृहास, की मतदारांनी न निवडलेल्या एका समितीस? या प्रकरणाचा निकाल नागपूरच्या सभागृहात नव्हे, वर्ध्याच्या बैठकीत लागला. तेव्हापासून आजपर्यंत कोणत्याही पक्षाची राजवट असो, किती मुख्यमंत्री सभागृहात विश्वास गमावून गेले आणि किती वरून आलेल्या एका निरोपावर गेले, याची मोजदाद वाचकांनीच मनाशी करावी.

संयुक्त प्रांतात १९३७ मध्ये मुस्लिम लीगच्या गटाने मंत्रिमंडळात येण्यासाठी आपले विधिमंडळातील स्वतंत्र अस्तित्वच मोडावे, अशी अट घालण्यात आली होती. प्रतिपक्षाशी बोलणे करावयाचे ते त्यास गिळून टाकण्यापुरते, असा त्याचा अर्थ झाला. याचे फळ लवकरच दिसले. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानास न विचारता ओढले गेले म्हणून १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यागाचे ते कृत्य होते. पण २२ डिसेंबर १९३९ रोजी जीनांनी ‘मुक्तिदिन’ पाळला, आणि मुंबईत त्या सभेस आंबेडकरही गेले. जीनांच्या राजकारणाशी आमचा काडीइतकाही मेळ नाही. तरीसुद्धा, अवघ्या सव्वादोन वर्षांच्या राजवटीचा शेवट इतक्या निरनिराळ्या लोकांस सुटकेसारखा का वाटावा, या प्रश्नाचे उत्तर प्रतिपक्षाची दुष्टबुद्धी एवढेच देऊन चालत नाही.

कोणी म्हणेल, ही परक्या अमलाखालची जुनी रडकथा झाली. स्वराज्यात असे होत नाही. तर स्वराज्यातला हिशेब पाहू. मार्च १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या पक्षाने लोकसभेत ३५२ जागा जिंकल्या. मते मिळाली होती सुमारे ४४ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारांनी अन्यत्र मते दिली होती. ‘जनतेचा कौल’ या शब्दप्रयोगामागचे हे गणित विजयी पक्ष नेहमी विसरतात. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, विरोधी पक्षांचे अनेक पुढारी तुरुंगात गेले, आणि १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचांऐवजी सहा वर्षे करण्यात आली. मक्तेदाराने आपल्याच हाताने मक्त्याची मुदत वाढवून घेतली! याहून उघडे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको.

१९७७ मध्ये जनता पक्ष विजयी झाला. त्याच्या खाती जमेच्या बाजूस दोन गोष्टी मोठ्या आहेत. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची झाली, आणि ‘अंतर्गत अशांतता’ या सैल शब्दांवर आणीबाणी पुकारण्याची वाट बंद झाली. म्हणजे जे शस्त्र स्वतःवर चालले होते ते विजयानंतर उचलून न घेता मोडून टाकण्यात आले. दुसरी गोष्ट, विरोधी पक्षनेत्याला कायद्याने मान व वेतन देणारा कायदा १९७७ मध्येच झाला. ज्या पक्षाच्या राजवटीत आपण तुरुंग भोगला त्याच पक्षाचे लोकसभेतील नेते यशवंतराव चव्हाण यांना तो मान मिळू दिला, हे औदार्य लहान नव्हे.

परंतु त्याच वर्षी त्याच पक्षाने नऊ राज्यांतील काँग्रेस सरकारे दूर करून तेथील विधानसभा विसर्जित केल्या. युक्तिवाद असा, की लोकसभेच्या निकालाने तेथील सरकारांवरचा लोकांचा विश्वास उडाल्याचे सिद्ध झाले आहे. मत एका सभागृहासाठी मागावयाचे आणि त्याच्या आधारे दुसऱ्या सभागृहाची मुदत संपवावयाची, असा हा न्याय. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा विजयी होऊन आल्या, आणि त्यांनी तोच युक्तिवाद वापरून तितक्याच, म्हणजे नऊ, विधानसभा मोडल्या. त्यांत महाराष्ट्राची विधानसभाही होती. ती निवडून येऊन पुरती दोन वर्षे झाली होती, आणि शरद पवार यांचे पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ तिच्या विश्वासावर कारभार करीत होते. जनता पक्षाने जे दार फोडले त्यातूनच त्याचा प्रतिपक्ष आत शिरला. हे दार न्यायालयाने काही अंशी बंद केले ते १९९४ मध्ये, बोम्मई खटल्यात.

येथे आम्हांस एका युक्तिवादाचा समाचार घेतलाच पाहिजे, कारण तो दिवाणखान्यांतून फार ऐकू येतो. “आधीच्यांनी तेच केले होते, मग आता यांनीच हात का आखडावा?” हा युक्तिवाद न्यायाचा नव्हे, सुडाचा आहे, आणि तो सूडही खऱ्या अपराध्यावर उगवत नाही. विधानसभा मोडली म्हणजे शिक्षा मंत्र्यांना होत नाही. ज्या मतदाराने पाच वर्षांसाठी मत दिले होते त्याचे मत दोन वर्षांत रद्दी होते. संपाचा हक्क काढून घेतला म्हणजे पुढाऱ्याची चूल विझत नाही, मजुराची विझते. शिवाय आधीच्याचे पाप हे पुढच्याचे परवानापत्र ठरू लागले, तर कोणत्याही पक्षाला पराभव पत्करणे परवडणार नाही. आणि जेथे पराभव परवडत नाही तेथे निवडणुका सरळ मार्गाने होत नाहीत.

“मग विजयी पक्षाने कार्यक्रम अमलात आणावयाचा नाही काय?” असेही विचारले जाईल. अवश्य आणावा. कर बसवावेत, कर उठवावेत, जमिनीचे कायदे करावेत. मक्त्याच्या जमिनीत पीक कोणते काढावयाचे हा मक्तेदाराचा अधिकार आहे. बांध हलविण्याचा मात्र नाही. निवडणुकीचे नियम, सभागृहाची मुदत, विरोधी सभासदाचा बोलण्याचा अवधी, अध्यक्षाचा निःपक्षपातीपणा, आणि बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयाचे दार, हे ते बांध होत. ते आजच्या मक्तेदाराचे नव्हेत व उद्याच्याही नव्हेत.

लेखी कायद्याने हे सारे साधणार नाही. बरेचसे रूढीने साधावे लागेल. रूढी पडू शकतात याला आपल्याकडेच पुरावा आहे. सरकारी खर्चाचा जाब विचारणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ मध्ये प्रथम विरोधी पक्षाकडे, म्हणजे स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी यांच्याकडे गेले, आणि तेव्हापासून ते विरोधी पक्षाकडे देण्याची रूढी पडली. अशी रूढी पाडण्यास घटनादुरुस्ती लागत नाही, दोनतृतीयांश बहुमतही लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव, की आज समोर बसलेला उद्या आपल्या जागी बसणार आहे.

ही जाणीव पक्षांना आपण होऊन होईल, अशी आशा आम्ही बाळगीत नाही. ती त्यांना करून देण्याचे काम विरोधकांचे आहे, पण त्याहूनही अधिक ते विजयी पक्षाच्या मतदारांचे आहे. विरोधकाची टीका पोटदुखी म्हणून झटकून टाकता येते. स्वतःच्या मतदाराची टाकता येत नाही. १९३८ साली खेर मंत्रिमंडळाला मते दिलेल्या मुंबई-पुण्याच्या सुशिक्षितांनी त्या बिलाविषयी आपल्या पक्षाकडे जाब मागितला असता, तर तो मंत्र्यांना मूठभर विरोधी सभासदांच्या भाषणांइतका सहज बाजूस सारता आला नसता. तेव्हा ज्या पक्षाला आपण मत दिले तो निवडून आला असेल, तर वर्तमानपत्र रद्दीत टाकू नये. त्या पक्षाने सभागृहात पहिले कोणते बिल आणले आणि त्यावर किती तास चर्चा होऊ दिली, हे प्रथम वाचावे. तो पराभूत झाला असेल तर वाचण्याची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.