तक्रार करा, पण फोटो जोडून

२००६ च्या सप्टेंबरात, कोलोनचं फोटोकिना प्रदर्शन तोंडावर असताना, लायका या जर्मन कंपनीने आपला एम ८ जाहीर केला. १९५४ पासून चालत आलेल्या एम घराण्यातला हा पहिला डिजिटल कॅमेरा. डिजिटल रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून नव्हे तर बाजूच्या खिडकीतून बघायचा डिजिटल कॅमेरा, म्हणून तो पहिला नव्हे. तो मान एप्सनच्या आर-डी १ ला दोन वर्षं आधीच मिळाला होता. पण लोक वाट बघत होते ती लायकाची. अमेरिकेत किंमत साधारण ४,८०० डॉलर, लेन्स वेगळी. नोव्हेंबरात कॅमेरे लोकांच्या हाती पडले आणि बघता बघता मालकांत दोन तट पडले. एकजण म्हणे, काळा कोट जांभळा येतोय. दुसरा म्हणे, माझ्याकडे काही येत नाही, तुम्हालाच रंग जमवता येत नाहीत.

कोण बरोबर होतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कोट जांभळाच येत होता. तरी तो वाद मुद्दाम उकरून काढतोय, कारण नवा महागडा कॅमेरा आला की आपल्याकडच्या क्लबांत आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांतही हेच नाटक होतं, फक्त पात्रं बदलतात. तुमच्या हातात नवा कॅमेरा असेल आणि त्यात काही खटकत असेल, किंवा दुसऱ्याची तक्रार वाचून तुमची बोटं उत्तर द्यायला शिवशिवत असतील, तर थोडं थांबा.

आधी तो कोट जांभळा का येत होता ते बघू. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनांवर रिमोटच्या टोकाला उजेड लुकलुकताना दिसेल. डोळ्यांना तो दिसत नाही, कारण ते अवरक्त किरण आहेत. सेन्सरमधलं सिलिकॉन मात्र ते टिपतं. म्हणून जवळपास प्रत्येक डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवर हे किरण अडवणारी काच बसवलेली असते. एम ८ मध्ये ती काच जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची होती आणि बरेच अवरक्त किरण तिच्यातून निसटत होते. पॉलिएस्टर आणि नायलॉनवरचे अनेक काळे रंग हे किरण भरपूर परतवतात. ते सेन्सरच्या लाल आणि निळ्या घरांत शिरले की काळ्याचा वांगी रंग होतो. बल्बच्या पिवळ्या उजेडात अवरक्ताचा भरणा जास्त, त्यामुळे तिथे गोष्ट आणखी बिघडते. संध्याकाळच्या समारंभात काळ्या सुटातल्या नवरदेवाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

मग काच जाड का नाही घातली? कंजुषी हे त्याचं उत्तर नाही. एम कॅमेऱ्यात लेन्स जिथे बसते तिथून सेन्सरपर्यंतचं अंतर २७.८ मिलिमीटर, आणि वाइड लेन्सचा मागचा भाग तर त्याहून आत येतो. कडेच्या भागावर प्रकाश फार तिरका पडतो. जाड काचेतून तिरका प्रकाश गेला की कोपरे बिघडतात. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर तितक्याच धारदार चालाव्यात म्हणून कंपनीने पातळ काचेचा सौदा केला, आणि त्या सौद्याची किंमत काळ्या कपड्यांनी मोजली. हा दोष होता की तडजोड? माझ्या मते दोन्ही. तडजोड करायला हरकत नव्हती, पण ती गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवी होती.

हे उजेडात कसं आलं ते बघण्यासारखं आहे. ‘कंपनी बुडाली’ असं ओरडणाऱ्यांनी ते आणलं नाही, आणि ‘लायका चुकेल कशी’ म्हणणाऱ्यांनी तर नाहीच. ते आणलं ज्यांनी एकाच उजेडात, एकाच काळ्या कापडाचा फोटो एम ८ ने आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने काढून, मूळ फाइल जशीच्या तशी समोर ठेवली त्यांनी. फाइलशी भांडता येत नाही. कंपनीने दोष मान्य केला आणि प्रत्येक मालकाला अवरक्त अडवणारे दोन फिल्टर फुकट देऊ केले. तेजस्वी दिव्यापासून फोटोत आडवे पट्टे उमटतात अशी आणखी एक तक्रार होती. तिथे फिल्टरचा उपयोग नव्हता. कॅमेरे परत मागवून आतली दुरुस्ती करून द्यावी लागली.

फिल्टरनेही सगळं मिटलं नाही. वाइड लेन्सवर तो लावला की कोपरे निळसर-हिरवे दिसू लागले, कारण तिरक्या प्रकाशात हा फिल्टर अवरक्ताबरोबर थोडा लालही कापतो. मग कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने ते सुधारायचं. पण कुठली लेन्स लावली आहे हे त्याला कळायला हवं. त्यासाठी लेन्सच्या कड्यावर काळ्या-पांढऱ्या सहा खुणांचा संकेत. जुन्या लेन्सवर तो करून घ्यायचा तर पैसे मोजा. काही चतुर मालकांनी साध्या मार्कर पेनाने कड्यावर ठिपके काढले आणि कॅमेऱ्याने ते मुकाट्याने वाचले! एवढं होऊनही काहींनी हा कॅमेरा आवडीने जपला: कृष्णधवल आणि अवरक्त छायाचित्रणासाठी त्याची हीच खोड उपयोगी पडली.

म्हणूनच ‘माझ्या कॅमेऱ्यात असं होत नाही’ हे वाक्य जपून वापरा. दिवसाउजेडी डोंगर टिपणारा आणि सगळं कृष्णधवल करणारा माणूस तो वांगी कोट कधीच बघणार नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण त्यातून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही. तुम्ही त्याच उजेडात, त्याच कपड्यावर, त्याच लेन्सने फोटो काढला असेल तरच तुमचं मत मोजण्यासारखं. एरवी फार तर इतकंच म्हणा, की मी तसे फोटो काढत नाही.

महाग वस्तू घेतल्यावर तिची बाजू घ्यावीशी वाटते, हे समजण्यासारखं आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. असेल, पण पावती असते, आणि त्या पावतीवर तुमचा हक्क लिहिलेला असतो. कंपनीच्या वतीने भांडायला तिच्याकडे पगारी माणसं आहेत.

उलट बाजूही सांगायला हवी. रेंजफाइंडरबद्दलच्या कितीतरी तक्रारी दोषाच्या नसतात, त्या जातीच्या असतात. तुम्ही लेन्समधून बघत नाही, बाजूच्या खिडकीतून बघता. त्यामुळे जवळच्या फोटोत चौकट थोडी सरकणार. बहुतेक एम लेन्स ७० सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाहीत. लांब टेलिफोटो जवळजवळ बादच. एम ८ च्या चौकटीच्या रेषा जवळच्या अंतराला जुळवलेल्या होत्या, म्हणून दूरचं काही टिपलं की ठरवल्यापेक्षा बरंच जास्त फोटोत यायचं. लोक वैतागले, आणि २००८ च्या एम ८.२ मध्ये कंपनीने त्या रेषा दोन मीटरला जुळवल्या. म्हणजे रास्त कुरकुरीचाही उपयोग होतो. पण ‘झूम का नाही’ असं विचारणाऱ्याने दुकानात जाण्याआधीच थोडं वाचायला हवं होतं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात फोकसवरून. रेंजफाइंडरमध्ये फोकस करायचा म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवायच्या. त्या बसल्या, बटण दाबलं, आणि घरी येऊन बघावं तर डोळ्यांऐवजी कान धारदार. इथे लगेच कंपनीला शिव्या घालू नका. कॅमेरा तिपाईवर ठेवा. एक मोजपट्टी तिरकी मांडा, मधल्या एका आकड्यावर फोकस करा, छिद्र पूर्ण उघडं ठेवा आणि टायमरने फोटो काढा. काही फोटो जवळून लांब जात फोकस करून काढा, काही लांबून जवळ येत. मग दुसरी लेन्स लावून तेच. दोन्ही लेन्स एकाच बाजूला चुकत असतील तर संशय कॅमेऱ्यावर. एकच चुकत असेल तर त्या लेन्सवर. लांबच्या टॉवरवर रोखून बघा: अनंतावर दोन प्रतिमा नीट बसतात का, की एक वर-खाली राहते? आर-डी १ च्या सुरुवातीच्या मालकांची नेमकी हीच तक्रार होती, आणि जुळवणी करून ती सुटायची. ही जुळवणी जाणकाराकडूनच करून घ्या. आतला स्क्रू स्वतः फिरवायला गेलात तर पुढची तक्रार तुमच्याच नावावर.

काही लेन्सचा स्वभावच वेगळा असतो. झाइसची ५० मिलिमीटर सी सोनार छिद्र लहान केलं की फोकसची जागा बदलते. फिल्मच्या काळात कुणी एवढं मोठं करून बघत नव्हतं. आता पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पापणीचे केस मोजतात, आणि मग पन्नास वर्षांच्या लेन्सलाही नवा आजार जडतो.

तक्रार करायचीच तर मूळ डीएनजी फाइल पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि त्यातली कॅमेऱ्याची माहितीही उडते. निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा. उजेड कसला होता, छिद्र किती, लेन्स कोणती, फर्मवेअर कुठलं, हे दोन ओळींत लिहा. ‘एकदम बकवास कॅमेरा’ हे वाक्य गाळा. ते वाचून सेवा केंद्रातल्या माणसाला काहीच कळत नाही.

खरेदीची पक्की पावती मात्र हवीच. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा आणखी कुठे दोन पैसे वाचवायला बिलाशिवाय आयात माल घेतलात, तर इथली वॉरंटी मिळेल याची खात्री बाळगू नका. पावती असूनही कंपनी दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. आणि आपल्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागली तर ते खापर जर्मनीच्या माथी फोडू नका.

उशीर महागात पडतो, हे एम ९ च्या मालकांना विचारा. २००९ च्या या कॅमेऱ्यात सेन्सरवरच्या काचेला कालांतराने गंज चढू लागला. फोटोत वलय असलेले ठिपके दिसायचे. अनेकांनी ती धूळ समजून पुन्हा पुन्हा साफसफाई केली. २०१४ च्या अखेरीस कंपनीने सेन्सर मोफत बदलून द्यायचं जाहीर केलं, कॅमेरा कितीही जुना असला तरी. ऑगस्ट २०१७ मध्ये ती सवलत आवरती घेतली, आणि पुढे मूळ सेन्सरचा साठाही संपला.

तेव्हा आज कुणी जुना एम ९ स्वस्तात दाखवत असेल, तर सेन्सर बदलल्याचा कागद मागा. कागद नसेल तर छिद्र एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढायला सांगा आणि मूळ फाइल घ्या. विकणारा टाळाटाळ करू लागला तर पैसे खिशातच राहू द्या.