वेल्वाचा पूल आणि दलदलीतील ढीग

स्पेनच्या नैर्ऋत्येस, वेल्वा शहरालगत ओदिएल नदीच्या खाडीत एक लोखंडी रेल्वेपूल उभा आहे. तो पैलतीरास पोचत नाही. वळण घेत पाण्यात शिरतो आणि मध्येच थांबतो. 1873 मध्ये रिओ तिंतोच्या प्राचीन खाणी स्पॅनिश सरकारकडून विकत घेणाऱ्या ब्रिटिश कंपनीने तेथील खनिज जहाजांत भरण्यासाठी 1876 मध्ये हा धक्का बांधून पुरा केला. खाणींपासून येथवर सुमारे 84 किलोमीटरचा लोहमार्ग होता.

त्याचे एक अभियंते जॉर्ज बार्कले ब्रूस. मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून हे नाव आपल्याकडेही परिचित असावयास हरकत नाही. खाडीतील गाळ इतका मऊ होता, की लोखंडी खांबांचा भार पसरविण्यासाठी लाकडी तक्तपोशीचा आधार द्यावा लागला. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनाने जहाजापर्यंत जात आणि रिकाम्या झाल्यावर दुसऱ्या उताराने परतत. इंजिनाचे काम त्यांना वर आणून सोडण्यापुरतेच. ही युक्ती जवळजवळ शंभर वर्षे चालली. 1975 मध्ये धक्का बंद पडला, 2003 मध्ये त्याला संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला आणि आता नागरिक त्यावर फिरावयास जातात.

हे योग्यच झाले. पण वारसा म्हणजे केवळ लोखंड नव्हे. या खाणींत खनिज उघड्यावर जाळले जाई आणि गंधकाच्या धुराने आसपासची शेती करपत असे. त्याविरुद्ध 4 फेब्रुवारी 1888 रोजी मजूर व शेतकरी रिओ तिंतो येथे एकत्र आले, तेव्हा लष्कराने गोळीबार केला. अधिकृत आकडा तेरा मृतांचा. तो शंभराच्या पुढे असावा असे मानणारे पुष्कळ आहेत. त्याच वर्षी ब्रूस ‘सर’ झाले. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही, एवढे मात्र न्यायाने म्हटले पाहिजे.

पूर्वी गंधकयुक्त खनिज परदेशी जाई आणि आम्ल तिकडे तयार होई. 1960 नंतरच्या दशकात रासायनिक उद्योग वेल्वातच आला. खतकारखान्यांतून निघालेले फॉस्फोजिप्सम तिंतो नदीकाठच्या दलदलीत साठत गेले. न्यायालयीन निर्णयामुळे 2010 च्या अखेरीस ते टाकणे थांबले. तोवर दहा कोटी टनांच्या आसपास ढीग शहराच्या वेशीवर जमा झाला होता. तो जागीच झाकावा की हलवावा, यावर तंटा चालत आला आहे. गोव्यातील खाणींलगतचे टाकाऊ मातीचे डोंगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा तंटा परका वाटणार नाही.

पूल जपण्यास कोणाची हरकत नव्हती, कारण त्याचा खर्च मोजता येत होता आणि त्याचा अभिमान बाळगता येत होता. ढिगाचा खर्च कोणी सोसावयाचा, हे ठरविताना मात्र प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे जाते. पर्यटकांना धक्का दाखविणाऱ्या नगरपित्यांनी त्यांना तिंतोकाठीही न्यावयास हवे. अंतर फारसे नाही.