रानडुकराचा बंदोबस्त : आधी ओळख, मग उपाय

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, मका दुधात आला की गावोगाव एकच तक्रार ऐकू येते : रात्रीतून डुकरांनी रान उकरून टाकले. तक्रार खरी आहे. परंतु तिच्यावर योजले जाणारे उपाय पाहिले म्हणजे वाटते की, आपण या प्राण्याशी झुंजतो, पण त्याची ओळख करून घेत नाही. किडीचा जीवनक्रम जाणल्यावाचून औषध फवारू नये, असे आपण शेतकऱ्यास सांगतो. तोच न्याय रानडुकरासही लावला पाहिजे.

रानडुकराची दृष्टी मंद असते. घ्राणेंद्रिय मात्र अत्यंत तीक्ष्ण असते. जमिनीखालील शेंग किंवा कंद ते वासावरून हेरते आणि मुसकटाच्या कठीण, चपट्या शेंड्याने उकरून काढते. सबब, केवळ डोळ्यांना दिसणारे बुजगावणे वा बांधावर टांगलेली जुनी लुगडी फार दिवस उपयोगी पडत नाहीत. याउलट मक्याभोवती एरंडाच्या, आणि रब्बीत काटेरी करडईच्या दाट ओळी लावल्या तर पिकाचा वास दबतो व वाटही अडते.

दुसरी गोष्ट त्याच्या शरीराची. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १०० किलोंहून अधिक भरू शकते. मान आखूड, खांदे भक्कम, पाठीवर राठ केसांची आयाळ आणि जन्मभर वाढणारे सुळे. असा प्राणी कुंपणावरून उडी घेण्यापेक्षा खालून मुसंडी मारणेच पसंत करतो. म्हणून कुंपणाची खालची तार जमिनीपासून वीतभरापेक्षा उंच नसावी.

त्यास घाम जवळजवळ येत नाही. अंग थंड ठेवण्यासाठी ते चिखलात लोळते व मग झाडाच्या बुंध्याशी अंग घासते. ओढ्याकाठची डबकी व चिखलाने माखलेले बुंधे पाहिले की त्याची वाट कळते. राखणीची जागा त्या वाटेवर असावी.

माद्या व पिल्ले कळपाने राहतात. प्रौढ नर बहुधा एकांडा असतो. गर्भकाळ सुमारे ४ महिन्यांचा. एका वितीला ४ ते ६, कधी त्याहूनही अधिक, पट्टेदार पिल्ले होतात. अन्न मुबलक असले तर मादी लवकर वयात येते. दाट उसात दिवसा आसरा व रात्री शेजारच्या रानात चारा, अशी सोय आपणच करून दिल्यावर संख्या का वाढू नये?

या प्राण्यास निव्वळ उपद्रवी म्हणणेही न्याय्य नाही. जंगलात ते माती उकरून खालीवर करते, हुमणीसारख्या अळ्या खाते, आणि वाघ-बिबट्यांचे भक्ष्य होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याची नोंद दुसऱ्या अनुसूचीत आहे. मनुष्याच्या जीवितास किंवा उभ्या पिकास धोका असल्यास अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच त्याची शिकार होऊ शकते.

सर्वांत कळकळीने सांगावयाचे ते तारेतील विजेविषयी. खांबावरून आकडा टाकून कुंपणात थेट वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण तो आपल्याच माणसांवर लावलेला फास आहे. अशा तारांनी पहाटे पाणी पाजावयास निघालेले शेतकरी, गुरे आणि विदर्भात वाघही मेले आहेत. सौर कुंपणातील झटका क्षणमात्र असतो. त्याने प्राणी दचकून परततो, मरत नाही. दोन्ही तारा दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. सौर कुंपणाखालचे गवत मात्र वरचेवर कापावे. ते तारेस टेकले की झटका क्षीण होतो.

शेवटी, एकट्याने केलेली राखण डुकरास शेजाऱ्याच्या रानात हाकलते, इतकेच. आमचे मत असे की, शिवारातील लगतच्या शेतकऱ्यांनी मिळून एकच कुंपण घालावे व राखणीच्या पाळ्या लावाव्यात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कळपाच्या वाटा नोंदवाव्यात आणि नुकसान होताच, त्याच दिवशी, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करण्यास शेतकऱ्यास साह्य करावे. रानडुक्कर कळपाने येते. आपणही एकजुटीनेच उभे राहिले पाहिजे.