स्पेस म्हणजे काय रे भाऊ?

स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा काढायची. यापेक्षा सोपं काम असेल का? पण जावाला १९९६ पासून आजतागायत रिकामी जागा म्हणजे काय हे एकदाही धड सांगता आलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपला लाडका ट्रिम घ्या. जावा ८ च्या डॉक्युमेंटेशनचं पहिलंच वाक्य म्हणतं, मागचापुढचा व्हाइटस्पेस काढतो. छान! खाली वाचत गेलं की कळतं, साहेब यू+००२० पर्यंतचं सगळंच कापतात. स्पेस, टॅब ठीक, पण नल आणि बेलसारखी कंट्रोल कॅरेक्टर्सही जातात. जपानी मजकुरातली रुंद स्पेस (यू+३०००) मात्र जागची हलत नाही.

त्याच जावातल्या इजव्हाइटस्पेसला ही रुंद स्पेस चालते, पण नॉन-ब्रेकिंग स्पेस चालत नाही. इजस्पेसकॅरला नॉन-ब्रेकिंग चालते, पण टॅब चालत नाही. रेग्युलर एक्सप्रेशनमधला बॅकस्लॅश-एस एरवी फक्त सहाच कॅरेक्टर्स ओळखतो. एका घरात चार सासवा आणि प्रत्येकीचं सोवळं वेगळं!

२०१८ मध्ये जावा ११ आलं. ट्रिमचं डॉक्युमेंटेशन सुधारलं, सोबत स्ट्रिप आला. पण तो इजव्हाइटस्पेसला विचारून चालतो, म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस तशीच राहते. वर्डमधून किंवा वेबपेजवरून कॉपी-पेस्ट करताना नेमकी हीच चिकटून येते. मग डोळ्यांना दोन्हीकडे ‘पुणे’च दिसतं आणि डेटाबेस म्हणतो, ही दोन वेगळी गावं. पायथनचा स्ट्रिप आणि जावास्क्रिप्टचा ट्रिम हिला मुकाट्याने काढतात.

"डॉक्युमेंटेशन नीट वाचा की!" म्हणणारे भेटतातच. अहो, वाचतो ना. पण स्ट्रिपचा अर्थ कळायला दुसऱ्या क्लासच्या दुसऱ्या मेथडचं पान का उघडायचं? जुना कोड मोडेल म्हणून ट्रिम बदलता येत नाही, हे मान्य. पण पानावर एक ओळ वाढवल्याने कुणाचा कोड मोडतो?

या गोंधळाला कंटाळून लोक घरचं रेग्युलर एक्सप्रेशन लिहितात आणि ‘न दिसणारं सगळं’ उडवतात. त्यात झीरो-विड्थ जॉइनरही जातो. तो स्पेस नव्हेच. मराठीत अनेकजण अर्धा र त्याच्याच मदतीने टाइप करतात. तो उडाला की ‘आचाऱ्याला’चं ‘आचार्याला’ होतं. स्वयंपाक्याला थेट गुरुपद!

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक मेथडच्या स्वतःच्या पानावर कोणती कॅरेक्टर्स जातील आणि कोणती राहतील, याची यादी छापा. ‘व्हाइटस्पेस’ हा नुसता शब्द आहे, व्याख्या नव्हे.