चित्रांचें पुस्तक आणि घरांतील धाकटें मूल

आमच्याकडे लहान मुलाच्या हातीं पडणारें पहिलें पुस्तक म्हणजे बहुधा अंकलिपी. तिच्यांतील चित्रें पाहतच आमच्यापैकीं कित्येकांची अक्षरओळख झाली, आणि इतक्या थोड्या पैशांत घरोघरीं अक्षर पोंचविणारें दुसरें पुस्तक मराठींत क्वचितच असेल. तिची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु अंकलिपींतील चित्र हें अक्षराचें चाकर आहे. 'ण' साठीं बाण आला, 'ऋ' साठीं ऋषि आला. त्या ऋषीविषयीं मुलाला कांहीं विचारावयाचें असेल तर तेथें वाव नाहीं, कारण लगेच पुढच्या चौकोनांत जावयाचें असतें. ह्या संवयीमुळें खरें चित्रांचें पुस्तक हातीं आलें तरी आम्ही वडील माणसें तें अंकलिपीसारखेंच वापरतों, आणि त्यांत धाकट्या मुलांचें मोठें नुकसान होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

समजा, चित्रांत एक गाय आहे. आई बोट ठेवून विचारते, "हें काय?" मूल म्हणतें, "गाय." "शाबास! आणि हें?" "झाड." दहा पानें अशा रीतीनें पांच मिनिटांत संपतात व पुस्तक कपाटांत जातें. हा पाठ नव्हे, ही परीक्षा झाली. त्याच चित्रावर आईनें, "ही गाय एकटीच कोठें निघाली असेल बरें?" असें विचारून जर ती थोडी थांबली असती, तर मुलानें आधीं चित्र नीट न्याहाळलें असतें, मग गाईचें वासरूं हरवलें आहे, तें कुंपणांतून पळालें, कुंपणाचें फाटक दादानें उघडें टाकिलें होतें, असा सर्व वृत्तांत आपल्या बोबड्या बोलांत सांगितला असता. येथें मुलानें वाक्य जोडिलें, कारण शोधिलें, आधीं काय व मागून काय हें लाविलें. पुढें शाळेंत निबंध लिहावयाचा तो ह्याच बळावर. अक्षरें सुबक गिरविणारीं पण चित्र पुढें ठेवून "सांग पाहूं" म्हटलें कीं मुकीं होणारीं मुलें पहिल्या इयत्तेंत येतात, त्यांचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

अलीकडे तर 'गाय' हें उत्तरही पुरत नाहीं. इंग्रजी शाळेची तयारी म्हणून गाईला 'काऊ' म्हणावयास शिकवितात. बिचाऱ्या बाळाच्या बोलींत काऊ म्हणजे कावळा; तो खिडकींत बसून ओरडत असतो, आणि आतां चित्रांत त्याला चार पाय व दोन शिंगें फुटलेलीं दिसतात!

घरीं चित्रें दाखवून शिकविण्याचा विचार नवा नाहीं. मोरेव्हियांतील बिशप व थोर शिक्षणशास्त्रज्ञ कोमेनियस ह्यांनीं १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस', म्हणजे इंद्रियगोचर सृष्टीचें चित्रमय पुस्तक, प्रसिद्ध केलें. प्रत्येक पाठास एक चित्र, चित्रांतील वस्तूंवर आंकडे, आणि त्याच आंकड्यांनीं जोडलेला लॅटिन व जर्मन मजकूर, अशी त्याची रचना होती. पुस्तक शाळेसाठीं असूनही प्रस्तावनेंत ते सांगतात कीं, मूल शाळेंत जाण्यापूर्वींच घरीं हें त्याच्या हातीं द्यावें, त्याला मनसोक्त चित्रें पाहूं द्यावीं, वाटल्यास तीं हातानें काढूंही द्यावीं. मधूनमधून 'हें काय, तें काय' असें विचारावें, असेंही ते म्हणतात. आमचे पालक जणूं तेवढीच एक सूचना वाचल्यासारखे वागतात.

पण इतकें दूर तरी कशाला जावें? सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतांतील कथा पिढ्यान्‌पिढ्या चित्रें दाखवून सांगत आले आहेत. एक चित्र पुढें ठेवावयाचें, त्यावरची कथा वाद्यांच्या साथीनें गाऊन व बोलून सांगावयाची, मग दुसरें चित्र काढावयाचें. ऐकणाऱ्यास अक्षर येतें कीं नाहीं हा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं.

हाच मुद्दा आम्हांस आग्रहानें मांडावयाचा आहे. पुष्कळ घरांत आई किंवा आजी हिला वाचतां येत नाहीं, अथवा जेमतेम येतें. म्हणून मुलाला शिकविणें हें आपलें काम नव्हे असें ती समजते. शिकवणीच्या फीसाठीं ती चार घरीं जास्त राबेल, परंतु पुस्तक घेऊन मुलाजवळ बसणार नाहीं. तिला संकोच वाटतो. अशा माउलीस आमचें सांगणें आहे कीं, चित्र वाचावयास अक्षर लागत नाहीं. त्याला प्रमाणभाषाही लागत नाहीं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, घरीं जी बोली असेल तिच्यांत बोलावें. आजीला ठाऊक असलेलीं झाडें, पाखरें, भांडीं व अवजारें ह्यांचीं नांवें आमच्या क्रमिक पुस्तकांत कोठें आहेत? चित्रांतील नांगर पाहून त्याच्या प्रत्येक भागाचें नांव सांगणारी आजी घरांत असतां मुलास शिकवावयास कोणी नाहीं असें म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

ह्या म्हणण्यास प्रयोगाचाही आधार आहे. अमेरिकेंत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं दोन-तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. दोन गटांतील पालक घरीं मुलांना चित्रांचीं पुस्तकें वाचून दाखवीत होते. त्यांपैकीं एका गटास एवढेंच शिकविलें कीं, 'होय-नाहीं'त न संपणारे प्रश्न विचारावे, मुलाचें तुटक बोलणें वाढवून त्याला परत द्यावें, व त्याला अधिकाधिक बोलूं द्यावें. एका महिन्यानंतर ह्या गटांतील मुलें भाषेच्या चाचण्यांत पुढें गेलेलीं आढळलीं. ते पालक साक्षर होते हें खरें. परंतु वाचणें दोन्हीकडे होतेंच, फरक होता तो विचारण्याचा आणि ऐकण्याचा.

पुस्तकें कोठून आणावीं? आज मराठींत निवडीस वाव आहे. १९५७ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टचीं बालपुस्तकें आहेत; माधुरी पुरंदरे ह्यांनीं स्वतः लिहून चितारलेलीं पुस्तकें आहेत, ज्यांतील घरें व माणसें आपल्या ओळखीचीं वाटतात; आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून चित्रकथा विनामूल्य वाचावयास मिळतात. ह्या शेवटच्या सोयीसाठीं मोबाईल लागतो. तो मुलाच्या हातीं देऊन आपण स्वयंपाकघरांत जावयाचें असेल, तर मात्र त्या सोयीचा उपयोग शून्य. ज्यांस पुस्तक घेणें शक्य नाहीं त्यांनीं जुनीं कॅलेंडरें, बियाण्यांच्या पिशव्या, वर्तमानपत्रांतील छायाचित्रें कापून एका वहींत खळीनें चिकटवावीं. आणि जी वस्तु अंगणांत आहे तिचें चित्र दाखवूनच थांबूं नये. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं बोर्डी व कोसबाड येथें आदिवासी मुलांसाठीं पानें, बिया, खडे, शंखशिंपले हींच साधनें केलीं. चित्र पाहून झाल्यावर मुलानें खरें पान हातांत घेतलें पाहिजे.

आतां विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. तुमच्या घरांत तीन-चार वर्षांचें भावंड असेल, तर रात्रीच्या जेवणापूर्वीं पाव तास त्याला द्या. तुमचा अभ्यास त्यानें बुडत नाहीं. एकच पुस्तक तें वीस वेळां मागेल. तुम्हीं कंटाळूं नये, कारण विसाव्या खेपेस तें तुम्हांला न दिसलेली मुंगी दाखवील. पुस्तक उलटें धरलें तर धरूं द्या. मागून पुढें पाहिलें तरी चालेल. चुकीचें नांव घेतलें तर हंसूं नका. बरोबर नांव आपल्या वाक्यांत सहज घाला. पान फाटेल ह्या भीतीनें पुस्तक उंच फडताळावर ठेवणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. फाटलेलें पान चिकटवितां येतें. खळ कशी करावी तें आईला विचारा, आणि चिकटवितांना त्या धाकट्यालाही जवळ बसवा.