फी माफ झाली, पण राहायचं कुठं?



बारावीचं वर्ष आलं की लाखांदूरच्या पोरापोरींच्या मोबाईलवर खासगी विद्यापीठांच्या जाहिराती फिरू लागतात. १०० टक्के शिष्यवृत्ती, हिरवळ, काचेची लायब्ररी. त्यात आता ‘लिबरल आर्ट्स’ हा शब्द आलाय. म्हणजे लहान निवासी विद्यापीठ, लहान वर्ग, इतिहासासोबत संगणक किंवा अर्थशास्त्रासोबत तत्त्वज्ञान शिकायची मुभा. सोनिपतचं अशोका, पुण्याजवळ लवळ्याचं फ्लेम, बंगळुरूचं अझीम प्रेमजी. ‘दादा, यातलं चांगलं कोणतं?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, फी सोडून बाकीचं काय?

हे शिक्षण श्रीमंतांच्या पोरांचं, आपण आयटीआय नाहीतर डी.एड. करावं, असं सांगणारे आपल्यातही आहेत. त्यांना एवढंच सांगतो की बाबासाहेब कोलंबियात अर्थशास्त्रासोबत इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही शिकले.

आणि शिष्यवृत्तीचा धडाही त्यांच्याच आयुष्यात आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले. न्यूयॉर्कमध्ये लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात जागा मिळाली, नवल भथेनांसारखा पारशी मित्र मिळाला. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. पगार होता, हुद्दा होता, पण शहरात कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. महाराज तेच, माणूस तोच, हातात पैसाही होता. नव्हती ती राहायला जागा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद. तिथं नागसेनवनात वसतिगृहंही उभी राहिली, ती उगीच नाही.

आता हिशोब मांडू. बी.ए.च्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा भत्ता वर्षाला ३,००० रुपये, वसतिगृहात राहत असेल तर ६,०००. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार. नागपूरसाठी वर्षाला ६०,०००: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. राहण्याचे २०,००० म्हणजे महिन्याला १,६६६ रुपये. या भाड्यात नागपुरात खोली दाखवा, मी स्वतः सामान उचलून द्यायला येतो! त्यात अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा आहे आणि हप्ते वेळेवर न येण्याचं रडगाणं दरवर्षीचं. तरी हा आपला हक्क आहे. मिळाला नाही तर समाजकल्याणच्या दारात बसता येतं.

खासगी विद्यापीठाची मदत हातात जास्त देते, कधी वसतिगृह आणि जेवणासकट. पण ती संस्थेच्या मर्जीची. घटनेचं कलम १५(५) २००५ च्या ९३ व्या दुरुस्तीने आलं, खासगी संस्थांबाबतही ते वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, संसदेच्या स्थायी समितीने २०२५ मध्ये कायदा करायची शिफारस केली. केंद्राचा कायदा मात्र अजून नाही. त्यामुळे तिथं आपण राखीव जागेवर बसत नाही, कुणीतरी बसवलं म्हणून बसतो. हा फरक विसरू नका आणि त्याचं ओझंही घेऊ नका. मिळत असेल तर घ्या. बाबासाहेबांनीही महाराजांचे पैसे घेतले, मिंधेपण घेतलं नाही.

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांचं स्वप्न असेल तर लक्षात ठेवा, परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या एम.ए. आणि पीएच.डी.साठी आहेत, बी.ए.साठी नाहीत. तिथं कॉलेज स्वतः किती देतं हाच प्रश्न.

राहिलं कॅम्पस. इंग्रजीत हसणारा वर्ग, मेसमध्ये आडनाव विचारणारा टेबलावरचा सोबती, शनिवार-रविवारच्या सहली, लॅपटॉप. हा खर्च फी माफीत येत नाही. रोहित वेमुलाची फेलोशिप सात महिने थकली होती, वसतिगृहातून काढलं होतं. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. ते तर केंद्रीय विद्यापीठ होतं.

म्हणून अर्ज करण्याआधी लेखी विचारा: मदत तीनही-चारही वर्षं टिकते की दरवर्षी नव्याने ठरते? नापास झालो तर? सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का? अनुसूचित जातीचे विद्यार्थी किती, शिक्षक किती? तक्रार कुणाकडे करायची? आणि तिथं शिकणाऱ्या आपल्या एखाद्या पोराशी फोनवर बोला, माहितीपुस्तकाशी नको. असा कोणी सापडला नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

या विद्यापीठांचे अर्ज निकालानंतर नाही, बारावीत असतानाच, हिवाळ्यात सुरू होतात. आपल्याकडे धान कापणी-मळणीची घाई असते तेव्हा. वर्ध्याची नालंदा अकादमी आपल्या मुलांना प्रवेश परीक्षांसाठी तयार करते, तिथं विचारा. आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, तहसीलसमोरची रांग जूनमध्ये लांब असते.