हात हवा, मत नको

वारली चित्रे आज आपल्या दिवाणखान्यात, साड्यांवर, चहाच्या कपांवर आणि लग्नपत्रिकांवर आहेत. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु हे चित्र मुळात लग्नघरातले. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी येते, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांवाचून लग्न लागत नाही. एवढे आपण कौतुकाने ऐकतो. पण त्याच लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको जमीनदाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. ज्या चौकाला आपण निरागस म्हणतो, त्याच्यापुढे बसलेल्या जोडप्याचे आयुष्य असे गहाण पडलेले असे. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने याच वारली आदिवासींनी वेठ नाकारली. वेठीवाचूनही जगता येईल हे त्यांना सुचले. शिकलेल्या, स्वातंत्र्याच्या सभा गाजवणाऱ्या आपल्या समाजाला ते फारसे सुचले नव्हते. हा विचार त्यांच्या चित्राइतकाच मोठा आहे. तो आपण भिंतीवर लावला नाही.

समकालीन कलेवरचे आपले परिसंवाद पाहा. आदिवासी कलावंताला शाल-श्रीफळ देऊन पहिल्या रांगेत बसवायचे आणि त्याच्या चित्राचा अर्थ व्यासपीठावरून आपणच सांगायचा, ही आता रीत झाली आहे. जमीन कोणाची असावी, जंगल कोणी राखावे, शाळेत कोणती भाषा बोलावी, हे त्याला कोणी विचारत नाही. आपल्या वाडवडिलांनी त्याचे श्रम फुकट घेतले. आपण त्याची रेघ घेतो आणि त्याचे मत बाहेर ठेवतो. लिहिणारे, ऐकणारे आणि टाळ्या वाजवणारे, मीही त्यांतच, सारे या रीतीचे वारसदार आहोत.

रायगड जिल्ह्यात नागोठणे ओलांडून कोलाडकडे निघाले की खांब हे गाव लागते. या रोहे-पेण पट्ट्यातल्या कातकरी आदिवासींची चित्रे बाजारात नाहीत, म्हणून आपल्या चर्चेत त्यांना पहिल्या रांगेतली खुर्चीही नाही. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीच्या कामाची आगाऊ उचल हाती पडते. ती आजारपणात, लग्नात, जुन्या देण्यात संपते आणि पोरांसकट कुटुंब भट्टीवर जाते. हिशेब शेठच्या वहीत राहतो, पोरांची शाळा सुटते. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली, तरी लग्नगड्याचा आणि उचलीचा व्यवहार शेजारी ठेवले तर फरक सांगणे कठीण जाते. कितीतरी वाड्यांखालची जमीन दुसऱ्याच्याच सातबारावर आहे. रायगड पाचव्या अनुसूचीत येत नसल्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदाही त्यांच्या उपयोगाचा नाही, आणि गावच्या ग्रामसभेत हे लोक कडेला उभे राहून ऐकतात. त्यांना कडेला कोणी उभे केले, हे आपल्याला ठाऊक आहे.

ज्यांना आदिवासी दृष्टीवर चर्चा घडवायची आहे, त्यांनी पुढची सभा कातकरवाडीत भरवावी. विषय वाडीने ठरवावा, अध्यक्ष वाडीचा असावा, आणि जमीनमालक, भट्टीवाले, तलाठी व आपण लेखक-कलावंत समोर बसून उत्तरे द्यावीत. २००६च्या वनहक्क कायद्याचे दावे तिथेच वाचले जावेत, उचलीच्या वह्या तिथेच उघडाव्यात. सभा दिवाळीपूर्वी व्हायला हवी. उचल वाटून झाली की बोलणारी माणसे भट्टीवर गेलेली असतात.